रिपोर्ट चांगला आहे, मग पाय का साथ देत नाहीत?

मागच्या अंकात साठीनंतर तोल जाण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी एकच ओळ होती की एचआयव्ही असलेल्यांनी या गोष्टी पन्नाशीपासूनच बघायला लागावं. त्या एका ओळीवर बाकीच्या सगळ्या लेखापेक्षा जास्त पत्रं आली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडनं, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात 'नाव छापू नका' हे दोनदा लिहिलेलं. कुणाचंही नाव छापलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळं गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचून आपल्या एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या) डॉक्टरांना विचारायचं, स्वतः बदल करायचा नाही.

प्रश्न: मॅडम नमस्कार. आमचे बाबा ६२ वर्षांचे, वडगावात आयुष्यभर लूमवर काम केलं. २००६ पासून गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवत नाहीत. व्हायरल लोड दरवर्षी 'नॉट डिटेक्टेड' येतंय. पण दोन वर्षांत माणूस एकदम हळू झालाय ओ. आधी खडेबाजारात चालत जाऊन यायचे, आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबतात. जेवायला खाली बसले की उठताना भिंत धरायला लागते. दवाखान्यात रिपोर्ट बघून सगळं बरं आहे म्हणतात आणि बाबा घरी येऊन म्हणतात रोग आतनं पोखरायलाय. हे पुढं किती वाढणार हे आधी कळायचा काही मार्ग आहे का? तयारी करायला पाहिजे म्हणून विचारतोय.

उत्तर: आधी बाबांना हे वाचून दाखवा. बाबा, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, सापडत नाही म्हणजे गोळ्या त्यांचं काम नीट करतायत, आणि १८-१९ वर्षं एक दिवस न चुकवता गोळी घेणं हे किती अवघड असतं ते मला माहितीय, त्याला खरंच मानलं पाहिजे. पण तो रिपोर्ट व्हायरसचा आहे, मांड्यांचा नाही. मांडीत जोर किती उरलाय, तोल कसा आहे, तळपायाला जमीन कळते का, हे रक्ताच्या तपासणीत येतच नाही, ते बघायला माणसाला खुर्चीवरनं उठवून चालवून बघावं लागतं आणि गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं.

आता तुमच्या प्रश्नाकडं. पुढचं आधी कळतं का? बऱ्यापैकी कळतं, आणि सगळ्यात चांगलं कळतं ते चालण्याच्या वेगावरनं. ऐकायला फार साधं वाटतं, पण चालायला हृदय, फुप्फुस, स्नायू, नसा, डोळे, मेंदू सगळे एका वेळी लागतात, त्यामुळं यातलं काहीही कमी पडायला लागलं की वेग आधी उतरतो. २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांमधली दुर्बलता ओळखायच्या पाच खुणा मांडल्या, त्या आजही जगभर वापरतात. मनात नसताना वजन उतरणं (वर्षात ५ टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो), सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच कमी होणं. यातल्या तीन असल्या तर माणूस दुर्बल, एक-दोन असल्या तर त्या वाटेवर. तुमच्या पत्रात मला चाल आणि हालचाल या दोन तर दिसतायतच, थकव्याचं आणि वजनाचं तुम्ही लिहिलेलं नाही, ते विचारा त्यांना.

एचआयव्हीसोबत हे सगळं थोडं आधी येतं. अमेरिकेत १९८४ साली पुरुषांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्याचा २००७ साली छापलेला एक निष्कर्ष असा होता की एचआयव्ही होऊन चारच वर्षांच्या आत असलेल्या ५५ वर्षांच्या पुरुषांमध्ये अशी दुर्बलता जेवढी दिसली, तेवढी एचआयव्ही नसलेल्यांमध्ये पासष्टी ओलांडल्यावर दिसली. म्हणजे दहा वर्षांचा फरक. त्यातली बरीच माहिती आताच्या गोळ्या यायच्या आधीची आहे, आता चित्र बरं आहे, पण तुमचे बाबा त्याच जुन्या काळातनं आलेत हे विसरू नका. आपल्याकडं सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, कर्नाटक पहिल्या राज्यांमध्ये होतं, पण तेव्हाचा नियम असा की सीडी-४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) साधारण २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या सुरू करायच्या. टेस्ट झाली की लगेच गोळी, हे २०१७ नंतरचं. म्हणजे २००६ ला ज्यांच्या गोळ्या सुरू झाल्या त्यांचं शरीर त्याआधी काही वर्षं औषधाविना झुंजलेलं असतं. सीडी-४ आत्ता किती आहे यापेक्षा आयुष्यात सगळ्यात खाली किती गेला होता, हा आकडा पुढच्या शरीराबद्दल जास्त सांगून जातो असं अनेक अभ्यासांत आलंय. जुनी फाईल असेल तर तो आकडा शोधून काढा. टीबी होऊन गेलाय का तेही बघा, कारण फुप्फुसात राहिलेले व्रण दम लवकर लावतात. आणि त्या काळात बऱ्याच लोकांना स्टाव्ह्युडिन नावाची गोळी होती, तिनं पायाच्या नसा खराब व्हायच्या, गाल आणि दंड-पोटऱ्या बसायच्या. ती गोळी केव्हाच बंद झाली, पण काहींच्या तळव्यांची बधिरता तशीच राहिली.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न हा आहे की बाबा दोनदा थांबतात ते कशानं? दम लागतो म्हणून, छातीत जड वाटतं म्हणून, पोटरीत गोळा येतो म्हणून, तळवे जळतात म्हणून, की नुसतंच गळून जातंय म्हणून? हे नीट विचारा कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. छातीत जड वाटत असेल किंवा थोड्याच चालण्यानं दम लागत असेल तर हे पत्रोत्तर बाजूला ठेवून आधी हृदय तपासून घ्या, आणि आजच. एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, ४० ते ७५ वयाचे ७,७६९ लोक होते, त्यात पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, त्यामुळं बाबांना स्टॅटिन लागते का हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. पोटरीत गोळा येऊन थांबलं की उतरत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या, तंबाखू खात किंवा विडी ओढत असतील तर हे आधी. तळवे जळत असतील तर शुगर, बी-१२ आणि जुन्या नसा. आणि नुसतं गळून जात असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, झोप, आणि मन. मनाचं मी मुद्दाम लिहितेय. उदास माणूस चालत नाही, न चालणाऱ्याच्या मांड्या जातात, मांड्या गेल्या की तो अजून उदास होतो, आणि घरच्यांना वाटतं वय झालं.

आता घरी मोजायचं कसं ते. टेपनं सोप्यात ४ मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूनं रेघ मारा, रेघेच्या थोडं मागून चालायला सुरुवात करू दे आणि पुढच्या रेघेच्या पलीकडं जाऊ दे, म्हणजे सुरुवातीचा आणि थांबायचा वेळ त्यात येत नाही. रोजच्या चालीनं, पळायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. मोबाईलवर वेळ घ्या, दोनदा करा, त्यातला कमी वेळ लिहा. ४ मीटरला ४ सेकंद म्हणजे सेकंदाला १ मीटर. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा हीच, याच्या खाली वेग आला की लक्ष घालायचं. ५ सेकंदांच्या वर गेलं तर नक्कीच डॉक्टरांना सांगायचं.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात नसलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, पाचव्यांदा उभं राहिलं की घड्याळ बंद. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर मांडीचा जोर कमी झालाय. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर ते तसंच लिहा, तीही नोंदच आहे, जबरदस्ती करू नका. तुम्ही बाजूला उभं राहा, पडले तर धरता आलं पाहिजे.

एकदा मोजून पुढचं काही कळत नाही. आज साडेपाच सेकंद आले तर डॉक्टरांना सांगायचंच, पण पुढं काय होणार ते त्या एका आकड्यावरनं कळत नाही; तेच संक्रांतीला साडेचार, पाडव्याला पाच आणि गणपतीला साडेपाच असेल तर ती उतरण आहे, आणि तुम्ही विचारताय ते 'पुढं किती वाढणार' त्या उतरणीत दिसतं. तीन महिन्यांनी एकदा, त्याच खुर्चीवर, त्याच रेघेवर, एका वहीत. ती वही एआरटी सेंटरला घेऊन जा. मला माहितीय आपल्याकडं भाषेची अडचण येते, समोरचे कन्नडमध्ये बोलतात, बाबांना अर्धं कळतं, ते 'बरं आहे' म्हणून परत येतात. तर तारीख आणि सेकंद एवढंच लिहिलेला कागद समोर ठेवा, आकडे दोघांनाही वाचता येतात.

आणि तयारीचं म्हणाल तर पलंग खाली आणणं, संडासात दांडी बसवणं हे करा, पण त्याहून मोठी तयारी उलट्या दिशेची आहे. ही दुर्बलता एकेरी रस्ता नाही, माणसं दुर्बल अवस्थेतनं परत मागे येतात हे अभ्यासांत वारंवार दिसलंय आणि मी स्वतः माझ्या टेबलासमोर बघितलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली व्यायामाचे नियम काढले त्यात एचआयव्ही असलेल्यांचा वेगळा उल्लेख आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमेल न दमेल असा व्यायाम, दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम, आणि वय झालेल्यांनी तीन दिवस तोलाचा. बाबांनी एकदम १५० मिनिटं करायची नाहीत, आधी ती वरची तपासणी होऊ दे. मग खुर्चीवरनं उठणं-बसणं हाच व्यायाम, पाचवर सुरू, जमेल तसं दहा, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला धरून टाचा उचलणं. पाणी भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, ती हातात घेऊन दंड. नुसतं चालून मांडीला ताकद येत नाही, हे आपल्याकडच्या लोकांना पटतच नाही, सगळे म्हणतात मी रोज चालतो की. चाला, पण उठाबशाही करा.

खाण्यात प्रोटीन. या वयात किलोमागं १ ते १.२ ग्रॅम लागतं, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, आणि भात-आमटीवर ते होत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम. हुलगे, मटकी, दूध, शेंगदाण्याची चटणी, परवडेल तेव्हा मासे. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी विचारून.

शेवटचं, वजन उतरत असेल आणि सोबत खोकला, बारीक ताप, रात्री घाम यातलं एकही असेल तर व्यायाम वगैरे नंतर, आधी टीबीची तपासणी.

प्रश्न: मी निपाणीत विड्या वळते, वय ५१. आधी दिवसाला जेवढ्या व्हायच्या तेवढ्या आता होत नाहीत, बोटं आखडतात, डब्याचं झाकण उघडत नाही. हाताची ताकद मोजायचं मशीन असतं असं ऐकलं, ते कुठं मिळेल आणि एचआयव्हीमुळं हे होतंय का?

उत्तर: अक्का, मशीन असतं, मुठीत धरून दाबायचं, फिजिओथेरपीच्या बहुतेक ओपीडीत असतं, विकत घ्यायची गरज नाही. बायकांमध्ये १८ किलोच्या खाली आणि पुरुषांमध्ये २८ किलोच्या खाली पकड आली तर आपण आशियाई लोकांच्या मापानं ती कमी धरतो. पण तुमच्या बाबतीत मी फक्त पकडीवर थांबणार नाही. इतकी वर्षं तेच बारीक काम केलेल्या हातात मनगटाची नस दबलेली असू शकते, रात्री अंगठा आणि पहिली दोन-तीन बोटं बधिर होऊन जाग येते का ते बघा. तसं असेल तर तो मनगटाचा प्रश्न आहे, त्याला वेगळा उपचार आहे. आणि बोटं सकाळी सुजलेली, तासभर न वळणारी असतील तर संधिवात. हात आणि पाय दोन्ही एकदम कमी झाले असतील तेव्हाच सगळ्या शरीराचा विचार करायचा. मशीन नाही मिळालं तर एक सोपी गोष्ट करा, जपानमध्ये वापरतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जोडून कडं करायचं आणि ते डाव्या पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचं (डावखुऱ्या असाल तर उजव्या). कडं पुरत नसेल तर चांगलं, कडं सैल बसत असेल तर स्नायू कमी झालाय. शिंप्याच्या टेपनं मोजलं तर बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली, पुरुषांत ३४ च्या खाली. पायाला सूज असेल तर मात्र हे माप खोटं बोलतं. आणि तंबाखूच्या धुळीत बसून काम करताय, तेव्हा दम लागतो का तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: वय ५६, खानापूर तालुका. माझ्या गोळ्या तीन वर्षांपूर्वी बदलल्या, दुसऱ्या लाईनच्या म्हणतात. गुडघे फार दुखायचे म्हणून गावाजवळच्या एका डॉक्टरांकडं गुडघ्यात इंजेक्शनं घेतली, वर्षात चार. एचआयव्हीचं सांगितलं नव्हतं, कसं सांगणार. आधी बरं वाटलं. आता तोंड सुजल्यासारखं गोल झालंय, पोट वाढलंय, पण मांड्यांत जीव नाही, चुलीजवळनं उठवत नाही. हे वयानं का?

उत्तर: मावशी, हे वाचल्या वाचल्या एआरटी सेंटरला जा, पुढच्या तारखेची वाट बघू नका, आणि त्या इंजेक्शनाची चिठ्ठी असेल तर बरोबर न्या. मी समोर बघितल्याशिवाय नक्की म्हणू शकत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वयाचं वाटत नाही. दुसऱ्या लाईनच्या, म्हणजे पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्यावर देतात त्या, गोळ्यांत बऱ्याचदा रिटोनाव्हिर नावाचं औषध असतं. ते शरीरातली काही औषधं लवकर बाहेर जाऊ देत नाही. गुडघ्यात देतात ती इंजेक्शनं बऱ्याचदा स्टेरॉइडची असतात, ट्रायमसिनोलोन हे त्यातलं नेहमीचं, आणि रिटोनाव्हिर चालू असताना ते अंगात साठत राहतं, कधी कधी एका इंजेक्शननंसुद्धा. मग चेहरा गोल होतो, पोट वाढतं, कातडी पातळ होते, शुगर चढते, आणि खांद्याचे-मांड्यांचे स्नायू झिजतात, माणसाला खालून उठता येत नाही. वरनं अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावतं, त्यामुळं पुढचं काय करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झालं पाहिजे. एआरटीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. दम्याचे काही पंप आणि नाकातले काही स्प्रे यांच्याबाबतही हेच होतं, तेव्हा तुमच्याकडं असं काही असेल तर तेही घेऊन जा.

तुम्ही सांगितलं नाही याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. छोट्या गावात सांगितल्यावर काय होतं ते आपण दोघीही जाणतो. पण एक मार्ग आहे. एआरटी सेंटरमध्ये विचारून एका चिठ्ठीवर फक्त गोळ्यांची नावं लिहून घ्या, आजाराचं नाव नाही, आणि कुणीही इंजेक्शन किंवा नवीन गोळी द्यायच्या आधी ती चिठ्ठी पुढं करा, 'या गोळ्या चालू आहेत, याला चालतं का?' जाणकार डॉक्टर नावावरनं समजतात. आणि एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, त्यात तुमच्या परवानगीशिवाय तुमचं स्टेटस कुणाला सांगता येत नाही आणि दवाखान्यात भेदभाव करता येत नाही.

गुडघ्याचं दुखणं खरं आहे, ते मी विसरलेली नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची घडी, ती खाली दाबून पाच आकडे धरायचं, दहा वेळा, दिवसातनं दोनदा, एवढंच आत्ता. बाकी तपासणीनंतर.

प्रश्न: मॅडम, एका ग्रुपवर आकडे भरायचं कॅल्क्युलेटर आलं होतं, रिपोर्टमधले आकडे घातले की पाच वर्षांत मरायची शक्यता किती टक्के ते येतं. मी ५८ चा. माझं घातलं आणि दोन रात्री झोप नाही. हे खरं असतं का?

उत्तर: तुम्ही बहुधा व्हॅक्स इंडेक्स म्हणतात तो वापरलाय. तो खोटा नाही, अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातनं तयार झालाय. त्यात वय, सीडी-४, व्हायरल लोड, हिमोग्लोबिन, लिव्हर आणि किडनीचे आकडे, हिपॅटायटिस सी आहे का, एवढं घालतात. चांगली गोष्ट त्यात ही आहे की एचआयव्हीचे आकडे आणि बाकी अवयवांचे आकडे एकत्र बघितले जातात, म्हणून मला स्वतःला तो विचार पटतो. पण तो आकडा शंभर जणांच्या गटाबद्दल बोलतो. त्या शंभरातले तुम्ही कुठले, हे तो सांगत नाही. आणि अजून एक, डोल्युटेग्राव्हिरची गोळी (आता आपल्या बहुतेक लोकांना तीच आहे) क्रिएटिनिन हा किडनीचा आकडा थोडा वाढवून दाखवते, किडनी खराब न होताही, त्यामुळं तिथला आकडा असाच वर सरकलेला असू शकतो. तुमचे खुर्चीचे सेकंद, तुम्ही तंबाखू सोडली की नाही, रोज काय खाता, हे त्या कॅल्क्युलेटरमध्ये कुठंच नाही. टक्के विसरा. त्यात कुठला आकडा वाईट होता ते बघा, हिमोग्लोबिन होतं की लिव्हर, आणि त्यावर डॉक्टरांशी बोला. हिमोग्लोबिन वाढवता येतं.

प्रश्न: नवीन गोळी सुरू झाल्यापासून ८ किलो वजन वाढलंय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. पण जिना चढताना पाय थरथरतात. कॅल्शियमची गोळी घेऊ का?

उत्तर: डोल्युटेग्राव्हिर सुरू झाल्यावर बऱ्याच जणांचं वजन वाढतं, पण काटा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. वजन वाढताना स्नायू कमी होत असतात असंही घडतं, आणि आपल्याकडं अंग भरलं की सगळे खूश, म्हणून ते लक्षातच येत नाही. वर लिहिलेली खुर्चीची चाचणी करा, पोटाचा घेर मोजा, शुगर तपासा. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, डोल्युटेग्राव्हिरसोबत ते रक्तात वाढतं, डोस बघावा लागतो. कॅल्शियम विचारून घ्या, आणि घेणार असाल तर एआरटीच्या गोळीसोबत रिकाम्या पोटी नको, जेवणाबरोबर दोन्ही चालतात, नाहीतर एआरटीची गोळी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोहाच्या गोळीचंही तसंच. ॲसिडिटीचं पातळ औषध मात्र जेवणाबरोबरही चालत नाही, त्याला तेवढं अंतर ठेवायलाच पाहिजे.

प्रश्न: मी चिकोडीजवळच्या गावची, वय ६०, एकटी राहते. गोळ्या आणायला मुद्दाम लांब जाते, गावात कुणाला माहीत नाही. मोजायचं म्हणता, व्यायाम म्हणता, पण घड्याळ धरायला बाजूला कोण उभं राहणार? शेजारीण चांगली आहे पण तिला काय सांगू?

उत्तर: शेजारणीला सांगा की गुडघ्यासाठी व्यायाम सांगितलाय आणि वेळ मोजायला माणूस पाहिजे. यात खोटं काही नाही. साठीच्या कुठल्याही बाईला हे मोजलं पाहिजे, तुमच्या शेजारणीलाही, तेव्हा दोघी मिळून मोजा, तुमचे सेकंद तुमच्या वहीत, तिचे तिच्या. मी अशा दोन बाया बघितल्यात, त्या आता रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर दहा-दहा वेळा उठतात-बसतात, आणि त्यांच्यातल्या एकीला एचआयव्ही आहे हे दुसरीला आजही माहीत नाही.

एकटं असताना खुर्चीची चाचणी करू नका. बाकी पावसात बाहेर जाता येत नाही तेव्हा सोप्यात भिंतीच्या कडेनं चाला, ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी नको. रात्री संडासला जायच्या वाटेवर एक छोटा दिवा चालू ठेवा. गेल्या वर्षात एकदा जरी पडला असाल तरी पुढच्या फेरीला एआरटी सेंटरला सांगा, लागलं नसलं तरी सांगा, कारण एकदा पडलेला माणूस परत पडायची शक्यता जास्त असते आणि टेनोफोव्हिर (एआरटीतलं एक औषध) वर्षानुवर्षं घेतलेल्यांची हाडं थोडी ठिसूळ होतात, पाळी गेल्यानंतर तर जास्तच. हाडांचा डेक्सा स्कॅन करून घ्यायचा का ते विचारा.

लांब जायचं जड होत असेल तर जवळच्या लिंक एआरटी सेंटरला (मोठ्या सेंटरला जोडलेल्या छोट्या केंद्राला) बदली करून मिळते, आणि स्थिर असलेल्यांना एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देतात का ते विचारा. कुणाशी बोलायचंच असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि तुमचे पहिले सेकंद मला पुढच्या पत्रात लिहून पाठवा, शेजारणीचेही.